प्रमाण कोणते? डॉसच्या गेमचे चित्र आणि त्याचे खरे रूप

डॉसच्या काळातल्या गेमचा व्हिडिओ करायला घेतला की पहिला प्रश्न चित्राच्या रुंदी-उंचीचा येतो. डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, डूम हे गेम ३२० आडव्या आणि २०० उभ्या ठिपक्यांत मांडलेले होते. भागाकार केला तर गुणोत्तर ८:५ येते. ज्या मॉनिटरवर ते खेळले गेले त्याची काच मात्र ४:३ होती आणि चित्र ती काच भरून दिसे. म्हणजे तेव्हाचा ठिपका चौरस नव्हता, रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या पडद्याचा ठिपका चौरस असतो. तेच ३२० बाय २०० जसेच्या तसे त्यावर ठेवले की चित्राची एक-षष्ठांश उंची जाते आणि प्रिन्स बसका दिसू लागतो. यातले खरे चित्र कोणते, साठवलेले की दिसलेले?

मराठीत ‘प्रमाण’ हा एकच शब्द दोन कामे करतो. आमटीत मिठाचे प्रमाण असते, मूर्तीत अंगांचे प्रमाण असते. आणि शास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञान पक्के करण्याचे साधन. इथे दोन्ही अर्थ एकमेकांना भिडतात. चित्राचे प्रमाण ठरवायचे तर प्रमाण कशाला मानायचे?

पहिला पक्ष फाइलीचा. जे फाइलीत आहे ते मूळ, बाकी सगळी नंतरची ओढाताण, असे हा पक्ष म्हणतो. ऐकायला तो निर्मळ वाटतो. पण २०० हा आकडा आला कुठून? २०० ओळींची चाल १९८१ च्या सीजीए या ग्राफिक्स कार्डापासूनची. १९८७ मध्ये त्याचा वारस व्हीजीए आला आणि २५६ रंग एकाच वेळी दाखवता येऊ लागले. त्यात प्रत्येक ठिपक्याला एक बाइट लागतो. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० बाइट. त्या काळच्या प्रोसेसरला स्मृतीचा ६४ केबीचा, म्हणजे ६५,५३६ बाइटचा तुकडा एका दमात हाताळता येई. चित्र त्यात नेमके मावते. २४० ओळी घेतल्या असत्या तर ७६,८०० बाइट झाले असते आणि मांडणी दुसऱ्या तुकड्यात सांडली असती. ८:५ हे गुणोत्तर कुणी सौंदर्य पाहून निवडले नाही. तो गोदामाचा हिशेब होता. धान्य कणगीत भरले म्हणून भाकरीचा आकार कणगीसारखा ठरत नाही.

वैशेषिक दर्शनात परिमाण हा द्रव्याचा गुण मानला आहे. अणु, महत्, ह्रस्व, दीर्घ असे त्याचे प्रकार. लांबी-रुंदी वस्तूतच राहते, पाहणारा ती फक्त ओळखतो, अशी ही भूमिका. दगडाला ती लागू पडते. पण ६४,००० आकड्यांच्या रांगेला ह्रस्व म्हणायचे की दीर्घ? रांगेत रंगांचे क्रमांक आहेत, ठिपका किती रुंद आणि किती उंच हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. ते ठरते काचेवर. फाइलीजवळ आकार मुळात नसेल, तर फाइलीशी प्रामाणिक राहण्यासाठी ८:५ धरावे हा आग्रहच निराधार होतो. चौरस ठिपका गृहीत धरणे हीसुद्धा एक भरच आहे. ती आजच्या पडद्याने घातलेली असल्यामुळे डोळ्यांवर येत नाही, एवढेच.

मग उरतो दुसरा पक्ष, काचेचा. त्यासाठी नेहमीची प्रमाणे पाहू: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. प्रत्यक्ष सोपे आहे: चित्रातली गोल वस्तू शोधावी. ६० ठिपके रुंद आणि ५० ठिपके उंच काढलेले वर्तुळ ४:३ काचेवर गोल दिसते, चौरस ठिपक्यांत अंड्यासारखे आडवे होते. चित्रकाराने असे ठिपके मोजून काढले असतील तर त्याची नजर काचेवर होती हे उघड आहे. प्रिन्स ऑफ पर्शियात आणखी चांगली कसोटी मिळते. गेमचा कर्ता जॉर्डन मेक्नर याने आपल्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. माणसाच्या देहाची ठेवण डोळ्याला उपजत कळते. ती बसकी झाली की कारण सांगता आले नाही तरी खटकते.

अनुमानासाठी गेमच्या आधीचा पडदा पाहावा. व्हीजीएवर डॉसचा अक्षरांचा पडदा ७२० बाय ४०० ठिपक्यांचा होता, म्हणजे गुणोत्तर ९:५. त्याच काचेवर, त्याच कडांपर्यंत तो पसरे. प्रिन्स टाइप करून एंटर दाबले की काच तीच राही, आतली मांडणी बदले. अक्षरांचे खरे रूप ९:५ आहे म्हणून ती रुंद करून दाखवा, असे कुणी म्हणत नाही. मग गेमनेच काय घोडे मारले?

शब्दप्रमाण, म्हणजे कर्त्याचा शब्द, इथे लंगडा पडतो. बहुतेक कर्ते यावर बोललेलेच नाहीत, आणि काही गेममध्ये चित्रे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी उचललेली असल्याने एकाच पडद्यावर दोन प्रमाणे नांदतात. अमिगा संगणकावर तर अमेरिकेसाठी केलेला २०० ओळींचा गेम युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या संचावर दबून दिसे आणि खाली काळी पट्टी उरे. तिथल्या मुलांना तेच रूप मूळ वाटले.

शिवाय मॉनिटरला उभा आकार कमी-जास्त करायची चकती असे. संगणकाच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत गेलेल्या पोराच्या हाताला ती चकती लागली की डेव्ह चेपायचा. यावरून खरे रूप असे काही नसतेच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो उतावळा आहे. चित्र चेपले की शेजारचा म्हणे, “दबलंय, नीट कर.” नीट म्हणजे कसे हे दोघांनाही ठाऊक असे. अद्वैत वेदान्ताने व्यावहारिक सत्तेला परमार्थाहून खालची पायरी दिली, पण तिला खोटे म्हटले नाही. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक. ४:३ हे या अर्थाने व्यावहारिक सत्य आहे. चकतीने बिघडवलेले चित्र हा भास.

रूप आणि साठवण वेगळी पडली की काय होते, हे इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला दगडात दिसते. उजनी धरणाच्या पाण्याखाली जुने गाव गेले. गाव वर सरकले, देव नव्या गावठाणातल्या मंदिरात आला, आणि पळसनाथाचे जुने मंदिर भीमेच्या फुगवट्यात राहिले. पाणी उतरते तसा आधी कळस, मग बाकीचे बांधकाम उघडे पडते. खरे मंदिर कोणते, असे गावाला विचारण्यात अर्थ नाही: पूजा नव्यात चालते, दगड जुन्यात आहेत. जतन एका जागी, दर्शन दुसऱ्या जागी. तिथले मोबाइलचे उभे व्हिडिओ टीव्हीवर येतात तेव्हा दोन्ही कडांना त्याच दृश्याची धूसर भर घातलेली असते. ती भर कुरूप खरी, पण कळस ताणून पडदाभर रुंद केलेला कुणाला चालणार नाही.

गेमकडे परत येऊ. अशी धूसर भर सोडली तर आजचा १६:९ चा पडदा भरण्याचे मार्ग तीनच. ताणणे म्हणजे खोटे सांगणे. कापणे म्हणजे अर्धे सांगणे. डूमची आयुष्य-गोळ्यांची पट्टी खाली असते, डेव्हचे गुण वर, आणि कात्री नेमकी तिथेच चालते. कडेच्या काळ्या पट्ट्या काहीच सांगत नाहीत, म्हणून त्या सर्वांत सभ्य. १९२० बाय १०८० च्या चौकटीत ४:३ चे चित्र १४४० ठिपके रुंद बसते आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांची काळी जागा उरते. पुढच्या काळातले ६४० बाय ४८० चे गेम मुळातच ४:३ आहेत, तिथे वाद नाही.

एक अडचण उरते. २०० ओळी १०८० मध्ये ५.४ पटीने जातात, त्यामुळे काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि चित्र सरकताना लुकलुकते. आधी रुंदी पाच पट आणि उंची सहा पट करून १६०० बाय १२०० करावे. दोन्ही पूर्णांक आहेत आणि गुणोत्तर थेट ४:३ येते. मग ते मऊपणे १४४० बाय १०८० वर उतरवावे. डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या मूळ डॉसबॉक्समध्ये प्रमाण सुधारण्याची सोय आपसूक बंद असते, म्हणून इतके व्हिडिओ बसके दिसतात. ती सुरू केली तरी डॉसबॉक्सने स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगची फाइल ३२० बाय २०० चीच निघते. ती तशीच जपून ठेवावी आणि ताण फक्त दाखवायच्या प्रतीला द्यावा.