गंगाळ आणि रुमाल

आमच्या कुष्ठरोग विभागात सकाळी साडेसातला प्रार्थना व्हायची आणि आठला पाय भिजवायचे टब भरायचे. १९७९ साली नर्सिंग संपवून मी त्या मिशन दवाखान्यात लागले, तेव्हा माझ्या मनात ही दोन वेगळी कामं होती. प्रार्थना देवाची, टब ड्यूटीचे. त्या दोन्हींची गाठ पडायला मला एका धनगरबाबाच्या तळपायाची जखम पाहावी लागली.

पाय भिजवायची रीत साधी आहे. पाणी साधंच घ्यायचं, ऊन नाही, कारण तळपाय बधिर झालेल्याला चटका कळत नाही. वीस मिनिटं पाय पाण्यात ठेवायचा. घट्टा मऊ पडला की खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायचा आणि कातडी ओली असतानाच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. जखम असेल तर पट्टी करायची, आणि मुख्य म्हणजे ती भरेपर्यंत त्या पायावर भार पडू द्यायचा नाही.

या साध्या रीतीमागे मोठं संशोधन आहे. महारोगात बोटं आपोआप झडतात, असंच लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी हा समज खोडून काढला. रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना कळेनाशी होते. मग न कळलेला काटा, न कळलेला चटका, न थांबता केलेली चाल हेच हातपाय खाऊन टाकतात. डॉक्टर होण्याआधी ब्रँड सुतारकाम आणि बांधकाम शिकले होते. पुढे वेल्लोरला त्यांनी रुग्णांच्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्याच बोटांना सुतारकामही शिकवलं.

आमचे धनगरबाबा मेंढरांमागे चालणारे. कपाळावर भंडारा, खांद्यावर घोंगडी. बाभळीचा काटा टाचेखाली मोडला आणि आठवडाभर तो तसाच घेऊन ते चालले. आमच्याकडे आले तेव्हा जखम रुपयाएवढी होती आणि हाड दिसायचं बाकी होतं. दीड महिना मी रोज त्यांचा पाय हातात घेतला. मी तेवीस वर्षांची होते. गुडघे टेकून पाय धुताना प्रभू येशूचं कार्य माझ्या हातून होतंय असं वाटून माझे डोळे भरून यायचे. जखम भरली. बाबा घरी गेले.

तीन महिन्यांनी ते परत आले. तोच पाय, तीच जागा, जखम आधीपेक्षा खोल. मी रागावले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी धुता तवर ऱ्हातोय बरा. घरी कोन धुनार?"

ड्रेसिंग करणारे आमचे एक काका स्वतः कधीकाळचे रुग्ण होते. त्या दिवशी मी टबाशी वाकले, तसा त्यांनी माझ्या हातातून दगड घेतला, बाबांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा. त्यांना करू द्या." बाबांची दोन बोटं आखडलेली. दगड दोनदा पाण्यात पडला. माझे हात शिवशिवत होते. पण मी बसून राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत जड गेलेलं काम तेच.

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय पुन्हा वाचला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. शेवटचं भोजन, प्रभू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. तोवर मी या गोष्टीत स्वतःला कायम धुणाऱ्याच्या जागी पाहत आले होते. पण गोष्ट तिथे संपत नाही. पाय धुऊन झाल्यावर प्रभू परत जागेवर बसतो आणि शिष्यांना सांगतो की आता हे तुम्ही एकमेकांसाठी करा. गंगाळ आणि रुमाल तो आपल्याजवळ ठेवत नाही, त्यांच्या हवाली करतो. मी मात्र रुमाल कमरेला घट्ट बांधून बसले होते.

विश्वास कृतीत उतरला पाहिजे, हे आम्हा ख्रिस्ती लोकांना याकोबाच्या पत्रातून पाठ असतं. पण कृती कोणती, हा प्रश्न आम्ही पुरेसा विचारत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे पाय धूत राहिलं आणि त्याला कायम खुर्चीतच बसवून ठेवलं, तर त्या सेवेत माझा विश्वास वाढतो की माझा मोठेपणा?

आमच्या सेवेवर दुसरा प्रश्न बाहेरून येतो: ही सेवा माणसं बाटवण्यासाठी तर नाही ना? माझ्या आजोबांचं घराणं संवत छपन्नच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात ख्रिस्ती झालं. 'भाकरीसाठी बाटलेले' हा शब्द मी शाळेत ऐकला आहे आणि तो अजून टोचतो. म्हणूनच मला हे स्पष्ट लिहावंसं वाटतं. शेवटच्या भोजनाच्या त्या रात्री प्रभूला धरून देणारा यहूदाही होता. तो काय करणार आहे हे प्रभूला ठाऊक होतं, आणि तरी त्याचेही पाय धुतले गेले. ज्या सेवेला बदल्यात काही हवं असतं, मग ते समोरच्याचं मन का असेना, ती सेवा या गंगाळातली नाही. आमचे बाबा बिरोबाचे भक्त म्हणून आले आणि बिरोबाचे भक्त म्हणूनच गेले. हे सगळं कशासाठी करता, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी माझ्या प्रभूचं नाव सांगितलं. ते लपवलं असतं तर खोटेपणा झाला असता. त्यांनी मान डोलावली आणि तेलाची बाटली मागितली.

रुमाल हवाली करण्याचं काम आपल्या मातीत फार मोठ्या माणसांनी केलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं १९७० साली जामखेडला आलं. विश्वासाने ख्रिस्ती, शिक्षणाने डॉक्टर. पण त्यांनी आपली विद्या दवाखान्याच्या भिंतीत ठेवली नाही. गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित आणि अक्षरओळख नसलेल्या, त्यांनी बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं हे सारं शिकवलं. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांचा मोठेपणा त्या बायकांच्या ताठ मानेत दिसतो. त्याही आधी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या बायका-मुलींना जेवू घातलं आणि तिथेच न थांबता त्यांच्या हातात माग दिला, छापखान्याचे खिळे दिले.

बाबा पुढे दर महिन्याला यायचे, जखमेविना. त्यांनी एक फुटका आरसा मिळवला होता. तळपाय दिसत नाही म्हणून रोज संध्याकाळी नात तो आरसा खाली धरायची आणि ते काटा शोधायचे. एका सकाळी मी वॉर्डात गेले तर नव्या आलेल्या एका पोराचा पाय बाबांनी टबात धरला होता आणि त्याला सांगत होते, "पानी ऊन नगं घिऊस. आपल्याला कळत न्हाई."

आता मी निवृत्त आहे. मधुमेहाने माझेही तळपाय बधिर झाले आहेत. वर्षभरापूर्वी चपलेतला खडा मला दिवसभर कळला नाही. सूनबाई म्हणाली, "आई, मी बघते रोज." पाय पुढे करताना मला फार संकोच वाटला. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं. आता रोज रात्री मी पलंगाच्या कडेला बसते, साध्या पाण्यात पाय भिजवते, ओल्या कातडीवर तेल चोळते. मग सून आरसा धरते आणि मी बाबांसारखी तळपाय न्याहाळते. मग तिथेच, आरसा बाजूला ठेवण्याआधी, आम्ही दोघी प्रार्थना करतो.