चिठ्ठीची दुसरी प्रत

मी कन्हानला घरूनच काम करतो. मागच्या वर्षी एका रिलीजच्या आदल्या रात्री शेजारच्या मित्राकडून मिथाइलफेनिडेटच्या दोन गोळ्या मागून घेतल्या. त्याला एडीएचडी आहे, त्या त्याच्या औषधाच्या. कॉफी चालते, मग हे का नाही, असा माझा युक्तिवाद. रात्रभर एकटाक काम झालं. आपण भारी कोड लिहिलाय असं वाटत होतं. सकाळी टेस्टिंगमध्ये तो कोसळला.

महिनाअखेरीस मित्र दोन दिवस गोळीशिवाय राहिला. हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवावी लागते. तो नागपूरला जाऊन आणतो. "मोजून देतात बे ते," एवढंच म्हणाला.

एवढं मोजायचं कशाला? १८९३ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी इफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ते 'पर्विटिन' म्हणून सैनिकांना दिलं. जपानने सैनिकांबरोबर कारखान्यांतल्या कामगारांनाही दिलं. युद्ध संपल्यावर उरलेले साठे बाजारात आले, व्यसनाची लाट उठली आणि १९५१ मध्ये जपानला कडक कायदा करावा लागला. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, १९८५ मध्ये आपला एनडीपीएस कायदा आला. तरी २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून इफेड्रिनचा टनावारी साठा जप्त केलाच.

या इतिहासात मला एक गोष्ट खटकते. जागं राहण्याची गरज बहुतेक वेळा गोळी गिळणाऱ्याची नव्हती. ती सेनापतीची होती, कारखान्याची होती. माझ्या रात्रीही डेडलाइन मी ठरवली नव्हती. मी फक्त ती माझ्या शरीराकडून वसूल करून दिली. थकवा हा अलर्ट असतो. अलर्ट म्यूट केला म्हणून सर्व्हर दुरुस्त होत नाही.

मग कॉफीचं काय? फरक नैतिकतेचा नाही, मात्रेचा आणि जोखमीचा आहे, हे मान्य. पण माझ्या मित्रासाठी तीच गोळी वेगळी आहे. ती त्याला इतरांच्या पुढे नेत नाही, इतरांबरोबर बसू देते. रेणू एकच. त्याच्या बाबतीत कुणीतरी त्याची झोप, भूक, नाडी विचारतं आणि पुढची चिठ्ठी लिहितं. माझ्या बाबतीत कुणीच विचारलं नाही.

कायद्याचा जाच शेवटी आजारी माणसालाच होतो, हेही खरं. पण तो जाच वाढतो माझ्यासारख्यांमुळे. 'स्वतःच्या शरीराचं मी बघेन' हे वाक्य मी तेव्हा म्हणालो होतो. दोन गोळ्या मात्र दुसऱ्याच्या होत्या.

पुढच्या खेपेला मी त्याला गाडीवर नागपूरला घेऊन गेलो. दुकानदाराने गोळ्या मोजल्या, एक प्रत ठेवून घेतली. मी बाहेरच थांबलो होतो.