रिकामा रकाना

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून हयात घालवलेले अण्णा न्यू जर्सीला मुलाकडे आले होते. जानेवारीत शिकागोला घरचं लग्न होतं. नेवार्कहून सकाळी सहाचं विमान धरायचं की नऊचं, यावर घरात एकमत होईना.

संगणकशास्त्र शिकणारा नातू म्हणाला, "आजोबा, अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सांख्यिकी कार्यालयाकडे मोठ्या विमान कंपन्यांच्या देशांतर्गत उड्डाणांच्या १९८७ पासूनच्या नोंदी आहेत. फुकट मिळतात. मी प्रोग्रॅम लिहितो, उत्तर देतो."

"लिही. मला तेवढी ती नोंदवही उघडून दे," अण्णा म्हणाले.

वर्ष आणि महिना निवडला की त्या महिन्याची फाइल उतरत होती. एका महिन्याच्या ओळी पाच-सहा लाखांच्या घरात. एक्सेलच्या पानावर १०,४८,५७६ मावतात. म्हणजे वर्ष मावत नाही, पण महिना मावतो. अण्णांनी मागच्या काही वर्षांचे नुसते जानेवारी घेतले. फिल्टर लावून नेवार्क-शिकागो तेवढं ठेवलं, वेळेनुसार ओळी लावल्या आणि चष्मा पुसून वाचायला बसले.

नातवाचं उत्तर आधी आलं. "सहाचं घ्या. सरासरी उशीर त्याचाच कमी."

"आणि जे सुटलंच नाही, त्याचा उशीर किती धरलास?"

नातू गप्प झाला. रद्द झालेल्या उड्डाणापुढे उशिराचा रकाना रिकामा होता आणि प्रोग्रॅमने रिकाम्या ओळी गाळून सरासरी काढली होती. रद्द फेऱ्यांचा वेगळा रकाना फाइलमध्ये होता, पण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. अण्णांच्या मोजणीत सहाच्या फेऱ्या नऊच्यापेक्षा जास्त वेळा रद्द झालेल्या निघाल्या.

"तुम्हाला कसं सुचलं?"

"मुक्कामी गाडी रात्री गावात आलीच नाही, तर पहाटेची फेरी सोडायची कशातून? तसंच हे. रात्रीचं विमान बर्फात कुठं अडकलं, की सहाचं रद्द. आणि बाळा, त्या सरकारी कार्यालयाच्या हिशेबात पंधरा मिनिटांच्या आतला उशीर उशीरच नाही. आपल्याला तर लग्नात तासभरही चालेल. न पोचणं चालणार नाही."

नऊचं विमान ठरलं. ते चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. त्या दिवशी सहाचं मात्र वेळेवर गेलं होतं. नातवाने तेवढ्यावरून चिडवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "एका फेरीवरून वेळापत्रक ठरवत नसतात."

घरी परतल्यावर नातवाने प्रोग्रॅममध्ये रद्द फेऱ्यांची मोजणी घातली.

तात्पर्य : आकडे यंत्र मोजून देतं, काय मोजायचं हे कामाची जाण असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.