यशोदेचे उखळ

आमच्या गिरगावातील चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. वय चाळिशीच्या आतबाहेर, वैधव्य पदरी आलेले, घरी ऐंशीच्या सासूबाई. नोकरी परळला, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका कचेरीत. गेल्या वर्षी त्यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीस संगोपनासाठी घरी आणले. ही मुलगी दत्तक नव्हे. तिची आई दीर्घ आजाराने इस्पितळात आहे, आणि ती बरी होऊन मुलीस घेऊन जाईल अशीच सर्वांची अपेक्षा आहे. मुलगी येऊन पंधरवडा लोटला नाही तोच चाळीत कुजबूज सुरू झाली. सकाळी साडेआठास घर सोडावयाचे, तर परक्याचे मूल आणावे कशाला, हा तिचा सारांश. एके रात्री जिन्यात गाठ पडली तेव्हा बाईंनीच विचारले, "नाना, नोकरी सोडू का हो मी?"

मी त्या वेळी काही तरी गुळमुळीत उत्तर दिले. पुढे पुष्कळ दिवस तो प्रश्न मात्र माझ्या मागे लागला.

प्रथम व्यवहार पाहावा. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे बालकल्याण समिती असे मूल एखाद्या कुटुंबाच्या हवाली करू शकते. जन्मदात्यांस मुलाला भेटता येते आणि ते पुन्हा समर्थ झाल्यास मूल त्यांच्याकडे परतू शकते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक नियमांनी विवाहितांप्रमाणेच विधवा, घटस्फोटित व अविवाहित व्यक्तींसही ही वाट मोकळी केली. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील साहाय्य २०२३ साली दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले. एवढ्यात गिरगावात शाळा, दूध, औषध आणि पावसाळ्यातली छत्री कशी भागवावी, हा हिशेब वाचक भगिनींनीच मांडून पाहावा. प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा तीन महिन्यांखालील मूल दत्तक घेणाऱ्या मातेस १२ आठवड्यांची रजा मिळाली. संगोपनासाठी मूल आणणारीचा त्या दुरुस्तीत उल्लेखही नव्हता. तेव्हा "नोकरी सोडा" हा उपदेश बहुधा ज्यांच्या घरी दुसऱ्या कोणाचा पगार येतो, त्यांच्याच तोंडून निघतो.

परंतु पैशाची अडचण नाही असे क्षणभर धरले, तरी प्रश्न उरतोच. परके मूल हाती घेणाऱ्याने आपला सारा दिवस त्याला दिला पाहिजे काय?

आपल्याकडे पालकमातेचे नाव घ्यावयाचे तर प्रथम यशोदेचे. भागवताच्या दशमस्कंधात ती दही घुसळीत असता कृष्ण येतो. ती त्यास पाजावयास घेते. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते, आणि त्या भुकेल्या पोरास तसेच खाली ठेवून ती दुधाकडे धावते. पोर रागाने मडके फोडते. मग ती त्यास उखळाला बांधते आणि पुन्हा कामास लागते! कीर्तनकार ही कथा भगवंताची लीला म्हणून रंगवितात. परंतु तीत एका कामकरी घरातली सकाळ जशीच्या तशी उतरली आहे. नंदाचे घर दुधावर चालत होते, आणि यशोदेने गोरस टाकून केवळ मांडी घालून बसावयास हवे होते, असे आजवर कोणी म्हटले नाही.

हे मूल आपल्या पोटचे नव्हे हे यशोदेस ठाऊक नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण अधिरथाच्या राधेस तर ते ठाऊक होते. उद्योगपर्वात कृष्ण कर्णास त्याचे कुल सांगून फोडू पाहतो, तेव्हा कर्ण राधेने आपले मलमूत्र काढले याचा दाखला देतो आणि तिला सोडण्याचे नाकारतो. राधा किती घटका जवळ बसली, याचा हिशेब तो करीत नाही. तथापि मला या प्रसंगात दुसरेही काही दिसते. पालनाचे ऋण किती जड होऊ शकते, ते येथे कळते. खरी आई पुढे भेटावयास येते तेव्हाही ते ऋण उतरत नाही.

आमच्या बाईंनी नोकरी सोडली तर त्या मुलीस हे कळल्यावाचून राहणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीस बेरीज-वजाबाकी येते. "माझ्यापायी हिने पगार सोडला" हे मनात बसले, की तिचे प्रेम परतफेडीच्या वाटेने जाऊ लागेल. आणि इस्पितळात आई बरी होत आहे, ही आनंदाची वार्ता तिला अपराधासारखी वाटेल. बाईंचेही तेच. ज्या मुलीसाठी सर्वस्व टाकले, तिला निरोप देण्याची वेळ आली तर त्यांच्या हाती उरेल काय? दत्तकात मूल आपले होते. संगोपनात ते आपले होईलच असे नाही, हे जाणून त्यास वाढवावयाचे असते. ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही, त्याला हे साधणे फार कठीण. मुलगी गेल्यावर सकाळी साडेआठास कोठे तरी जावयाचे असणे, ही बाईंस आणि मुलीसही एक प्रकारची सवड आहे.

येथवर मी बाईंची बाजू घेतली. पण परळ-लालबागचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला एवढ्यावर थांबता येत नाही. भोंगा झाला की गिरणीतल्या आया तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. कोणी शेजारच्या म्हातारीकडे ठेवीत. त्या आयांची माया थोडी नव्हती. त्यांच्या मागे कोणी उभे नव्हते. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला आणि कारखान्यांत पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कायद्याने आली. दादरला ताराबाई मोडकांनी १९३६ साली शिशुविहार काढला, तेव्हा मध्यमवर्गास मूल घराबाहेरही वाढते हे हळूहळू पटू लागले. कामावर गेलेल्या आईचे मूल केवळ तिच्या मनोनिग्रहावर वाढत नाही. मधले तास कोणी तरी भरावे लागतात.

शिवाय हे मूल एकदा मागे राहिलेले आहे. त्याला तास मोठे वाटत नाहीत. माणूस परत येते की नाही, हीच त्याची धास्ती असते. म्हणून मला वाटते, ज्याच्या परतण्याला वेळेचा धरबंध नाही, आज कलकत्ता तर उद्या दिल्ली अशी ज्याची नोकरी आहे, त्याने एकट्याने असे मूल आणूच नये. हे मत कठोर आहे, पण ते बदलावेसे मला वाटत नाही.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. सात घरे मिळून एक मुलगा शिके, आणि त्यांतील कोणी आपला उद्योग सोडीत नसे. त्या पंक्तीतही मानापमान होते, हे खरे. पण भार वाटून घेण्याची ती रीत होती. आमच्या चाळीत कुजबुजणारी आठ घरे आहेत. मुलीची दुपार त्यांपैकी दोघांनीच घेतली आहे. एक वार आमच्याकडे असतो. तोही माझ्या सौभाग्यवतीच्या पुढाकाराने, माझ्या नव्हे.

शेवटी मी बाईंस नोकरी सोडू नका असे सांगितले. त्यांनी ती सोडली नाही. समितीची पाहणी दरमहा व्हावयाची असते, ती कचेरीच्या वेळातच येते. या कारणासाठी रजेचा प्रकारच नाही, म्हणून अर्जात त्या "घरगुती काम" असे लिहितात. संध्याकाळी सहा चाळीसला त्या चर्नी रोडहून चालत येतात, आणि मुलगी सहा तीसपासून गॅलरीत उभी असते.

मागच्या पावसाळ्यात एकदा रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या. बाईंनी फोन केला, सासूबाईंनी समजूत घातली. मुलगी गॅलरीतून हलली नाही, जेवलीही नाही. साडेआठास बाई भिजून चिंब होऊन जिना चढल्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिले, "एक तास पन्नास मिनिटे," एवढेच म्हणाली, आणि आत जाऊन ताटे मांडू लागली.