हजेरीत नसलेलं नाव

चौथीच्या वर्गाची हजेरी मला आजही तोंडपाठ आहे. पन्नास वर्षं होत आली. रात्री उसाला पाणी पाजत एकटा उभा असलो, की मनातल्या मनात ती सुरू होते आणि एकतिसाव्या नावावर येऊन थांबते. मुलं एकोणीस, मुली बारा. त्यातले चौघं आता नाहीत. पण क्रम काही चुकत नाही.

त्या वर्षी वर्गात आम्ही एकतीस नव्हतो, बत्तीस होतो. बत्तिसाव्याचं नाव मला आठवत नाही. दिवाळीनंतर आला आणि मार्चअखेरपर्यंत माझ्यापासून दोन हातांवर बसला. त्याचा आवाज आठवतो, अंगातला ढगळ सदरा आठवतो. नाव मात्र नाही. आम्ही त्याला 'टोळीवाला' म्हणायचो. गुरुजीही तसंच म्हणायचे. ते नाव हजेरीत नव्हतं, म्हणून ते रोज कानावर पडलं नाही, आणि म्हणून ते राहिलं नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

1972 चा दुष्काळ होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्या वाळवा तालुक्यात उसाचं पीक वाढत होतं आणि तोडायला बीडकडच्या टोळ्या येत होत्या. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि लेकरं घालायची आणि निघायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावाबाहेर ओढ्याकाठी कोप्या पडायच्या. बहुतेक पोरं कोपीवरच राहायची. धाकट्यांना सांभाळायची, बैलांना पाणी दाखवायची, मोळ्या बांधायला वाढं गोळा करायची. याच्या बापाला मात्र शाळेचं वेड होतं. एक दिवस त्यानं पोराला हाताला धरून आणलं आणि दारातच म्हणाला, "गुरुजी, लेकराला बसू द्या. कुठं का बसवा, पण बसू द्या."

गुरुजींनी बसू दिलं. ते वाईट माणूस नव्हते. पण दाखला नाही, म्हणून पटावर नाव नाही. पटावर नाव नाही, म्हणून हजेरी नाही. आणि हजेरी नाही, म्हणून पाढे म्हणायची पाळीही त्याच्यापर्यंत यायच्या आत संपायची. दारापाशी स्वतःचं पोतं टाकून तो बसायचा. फळ्यापुढं उभं केलं तर खाली बघायचा. दोन आकडी बेरीजही जमायची नाही. आमचं ठरून गेलं होतं, की टोळीवाला ढ आहे.

एका संध्याकाळी चुलत्याबरोबर मी म्हशीला वाढं आणायला कोप्यांवर गेलो. दिवस मावळला होता, तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. एका कोपीपुढं सात-आठ गडी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या मधोमध हा, कंदिलाच्या उजेडात कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या वाचत होता. कुणाच्या गाडीचं वजन किती, कालच्यापेक्षा कमी का, पाच गाड्यांचे मिळून किती टन भरले. कागद नाही, पेन्सिल नाही. मिटल्या ओठांनी थोडा वेळ थांबायचा आणि आकडा सांगायचा. एकानं विचारलं, "बरोबर हाय का रं? पुन्हा बघ बरं." तो म्हणाला, "बरोबरच हाय काका. मुकादमाला इचारा." आणि ती दाढीवाली माणसं गप्प बसली. टनाचा हिशेब चुकला तर त्यांच्या घामाचा पैसा जाणार होता, आणि तो हिशेब त्यांनी या पोरावर सोपवला होता.

चुलते म्हणाले, "पोरगं हुशार हाय गा." मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी हे मी गुरुजींना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. गणितात माझा पहिला नंबर होता आणि तो मला जपायचा होता. नऊ वर्षांच्या पोराचा मत्सर, त्यात काय एवढं, असं आजवर दोघा-तिघांनी मला समजावलं आहे. मला ते पटत नाही.

फेब्रुवारीत वर्गातल्या एकाची नवी कंपासपेटी हरवली. झडती एकाच पिशवीची झाली. पिशवीत पाटी, अर्धी भाकरी आणि काट्याची एक जुनी पावती निघाली. कंपासपेटी त्याच रात्री मालकाच्या घरी, उतरंडीमागं सापडली. सकाळी सगळ्या वर्गाला ते कळलं; त्याला कुणी सांगितलं नाही. चार दिवस तो आला नाही. आला तेव्हा पिशवी आणली नव्हती. मार्चअखेरीस टोळी हलली, परीक्षा आमची झाली, त्याची नाही.

पुढं मी स्वतः गुरुजी झालो. मुलाला शिकवायचं म्हणजे काय, यावर भाषणं ऐकली, प्रशिक्षणं केली. पण माझ्या मनात तो कोपीपुढचा कंदील राहिला. तेच डोकं, तेच आकडे. ओढ्याच्या काठी चालत होते आणि शाळेच्या दारात बंद पडत होते. मधल्या अर्ध्या मैलात काय बदलत होतं? एवढंच, की तिथं त्याच्या उत्तराची कुणाला तरी गरज होती. आपण आधी शिकतो आणि मग समाजात मिसळतो, असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, निदान लेकरांच्या बाबतीत हे उलटं आहे. जिथं आपलं काही नडत नाही, तिथं लेकरू शिकायला तोंडच उघडत नाही. आणि ते गप्प राहणं त्याला आतून खातही असणार. हे आता जाणवतं. तेव्हा आम्हाला तो नुसता मुखदुर्बळ वाटायचा.

या मुलखाला ही गोष्ट नवी नव्हती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांबरोबर बसवायचा हुकूम काढला. शाळा तर होत्या, मग त्या बंद का करायच्या, असं तेव्हा कुणी म्हटलंही असेल. कर्मवीर भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं निरनिराळ्या जातींची पोरं नुसती शेजारी बसत नव्हती. एकत्र राबत होती, एका पंगतीला जेवत होती. बाकं जवळ आणणं सोपं. एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून ठेवणं हे अवघड, आणि भाऊरावांनी ते केलं.

ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी आपण बरंच केलं, नाही असं नाही. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. तिथं लेकरू आईजवळ राहतं, पण गावच्या पोरांत मिसळत नाही. त्यांच्या गावी हंगामी वसतिगृहं निघाली. तिथं शाळा आपली असते, पण आई पाच महिने लांब. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला आणि दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येईना. नाव पटावर चढायला लागलं. कायद्याला यापेक्षा जास्त काय करता येणार? पुढचं आमच्यासारख्यांनी करायचं. आणि आमच्यासारखे काय करत होते, तर हजेरीच्या शेवटी रेघ मारून खाली 'टोळीची मुले : 7' असं लिहीत होते. हे मीही लिहिलं आहे, एक-दोन नव्हे, बरीच वर्षं.

कायदा आल्यानंतर दोनेक वर्षांनी तिसरीत एक मुलगी आली, कडेवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ घेऊन. बाळाला कोपीवर ठेवायला कुणी नाही, म्हणजे शाळा नाहीतर बाळ. मी म्हटलं, ये घेऊन. माझ्या खुर्चीमागं गोणपाटावर चादर टाकली. दोन दिवसांत वर्गाचा नूर पालटला. बाळ रडलं की पाच मुली उठायच्या. पाळ्या लावून द्याव्या लागल्या. कुणी घरनं दूध आणलं, कुणी जुनं टोपडं. "तो असा न्हाय झोपत, असा धर," असं सांगता सांगता त्या मुलीचं तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ते पाढ्यांनाही मिटलं नाही. एक पालक शाळेत येऊन तावातावानं म्हणाले, "गुरुजी, ही शाळा आहे का पाळणाघर?" मला पटण्यासारखं उत्तर देता आलं नाही. अभ्यासाचा वेळ थोडा जात होता, हे खरंच होतं.

महिना बदलल्यावर नवी हजेरी लिहायला घेतली, तेव्हा तिचं नाव खाली न टाकता मुलींच्या नावांत, जिथं यायला हवं तिथं लिहिलं. अकरावं.

एप्रिलच्या सुरुवातीला टोळी एका रात्रीत हलली. शिक्षण हमी पत्रक भरून ठेवलं होतं, ते मात्र आदल्या दिवशी तिच्या आईच्या हातात पडलं होतं. सकाळी हजेरी घेताना मी दहाव्या नावावरून बाराव्यावर गेलो. मागून आवाज आला, "गुरुजी, एक राहिलं."

"ती गावाला गेली," मी म्हटलं.

"कुठल्या गावाला?"

मी रजिस्टर काढून गावाचं नाव वाचून दाखवलं. मग मुलींनी पोस्टकार्ड लिहायचा हट्ट धरला. त्या गावच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. निम्मं कार्ड बाळाच्या चौकशीतच भरलं होतं. त्याला वरचे दात आले का, तो चालायला लागला का. शाळा सुटेपर्यंत उत्तर आलं नाही. जूनमध्ये पुन्हा शाळा भरली, तेव्हा मुलींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गुरुजी, कार्ड आलं का?"