शंभरावे मेंढरू

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले रुग्ण आपल्या जबलपुरात आढळले. शाळांना कुलपे लागली. ६ जुलैपासून राज्यात ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना सुरू झाली. घरी वाजलेली थाळी हीच शाळेची घंटा झाली. शिक्षक मोबाइलवर धडे पाठवीत. मोबाइल नसलेल्यांच्या दारी जात.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील मेंढपाळ हरवलेल्या मेंढराची वाट पाहत बसला नाही; तो शोधावयास निघाला. पुढे शाळा उघडल्या, परंतु काही लेकरे परतलीच नाहीत. नव्व्याण्णव आली म्हणून आपण समाधान मानावे काय? आपल्या गल्लीतील ते शंभरावे लेकरू आज कोठे आहे? त्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.