तयारीविना धाव: धाडस की मोह?

पुरेसा सराव नसताना ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला उभे राहावे की नाही, हे एरवी डॉक्टरांना विचारले जाते. पण या प्रश्नाच्या मुळाशी नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. इच्छाशक्तीने शरीराला कुठवर राबवावे, आणि शरीर नकार देत असताना रेटत राहणे हा गुण म्हणावा का?

शरीराची बाजू थोडक्यात सांगता येते. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ नेमका त्यानंतर लागतो. दमसास काही आठवड्यांत वाढतो, पण कंडरा आणि हाडे ताणाला सरावायला महिने घेतात. त्यामुळे नवख्याचा दम टिकला तरी गुडघे आणि नडग्या दगा देतात. सरावाच्या योजना १६ ते २० आठवड्यांच्या असतात त्या याच कारणाने. निश्चय कितीही पक्का असला तरी हा काळ फारसा आखडता येत नाही.

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने हाच मुद्दा ऑलिंपिकच्या उदाहरणाने मांडला. स्पर्धा जिंकावीशी वाटते, तर आधी काय काय करावे लागेल आणि नंतर काय काय सोसावे लागेल ते पाहा, असे तो सांगतो. ठरलेल्या वेळी व्यायाम, मग ऊन असो की थंडी, गोडधोड बंद, गार पाणी बंद, वैद्याच्या हाती द्यावे तसे स्वतःला प्रशिक्षकाच्या हाती देणे. एवढे करून पाय मुरगळणे, धूळ खाणे आणि शेवटी हरणेही नशिबी येऊ शकते. हे सगळे तोलून पाहिल्यावरही इच्छा उरली तर खुशाल उतरावे. न तोलता उतरणारा त्याच्या लेखी पोरकट आहे, आज पहिलवान आणि उद्या तुतारीवाला होऊन खेळणाऱ्या मुलांसारखा. एपिक्टेटसचा आक्षेप साहसाला नाही. किंमत न विचारता सौदा करण्याला आहे.

भगवद्गीतेचा अठरावा अध्याय याहून कठोर आहे. परिणाम, हानी, इजा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तिथे तामस ठरवले आहे. तयारीविना धावण्याचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल. त्याच अध्यायात धृतीचेही तीन प्रकार सांगितले आहेत. भय, शोक, विषाद आणि मद यांना कवटाळून बसणारी धृती तामस होय. म्हणजे चिकाटी हा आपोआप सद्गुण होत नाही. कशाला चिकटून राहिलो यावर तिची जात ठरते. ‘जिद्द सोडली नाही’ हे आपल्याकडे सरसकट कौतुकाचे वाक्य असते. गीतेच्या हिशेबात ते अर्धेच वाक्य आहे.

बौद्ध परंपरेतली सोण कोळिविसाची कथा या प्रश्नाच्या सर्वांत जवळची. सोण चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा, अतिशय लाडात वाढलेला; तळपाय इतके कोवळे की राजा बिंबिसाराने ते पाहायला त्याला बोलावून घेतले. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो चालत ध्यान करू लागला आणि त्या हट्टात तळपाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही हाती काही लागेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागतो का, हा बुद्धाचा प्रश्न त्याच प्रसंगातला. दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो. विनयपिटकातला पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. बुद्धाने सोणाला एकपदरी वहाणा वापरायची मुभा दिली. एकट्यासाठी सवलत नको, असे सोण म्हणाला, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. उत्साहाच्या अतिरेकावर उतारा म्हणून बुद्धाने उपदेशासोबत पादत्राणे दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तरीही एक अडचण उरते. सराव नसलेला धावक शर्यत पुरी करतो तेव्हा लोक त्याला शूर म्हणतात. तोच कोसळला तर मूर्ख. निर्णय दोघांचा एकच, फरक फक्त नशिबाचा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या नावाने जो पेच मांडला, तो हाच. सेंट लुईसच्या १९०४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ३२ जण धावले आणि १४ जणांनीच ती पूर्ण केली. क्युबाचा पोस्टमन कार्व्हाहाल रोजच्या कपड्यांत धावून चौथा आला. त्याचे नाव अजून कौतुकाने घेतात. धुळीने आणि उन्हाने आडवे झालेले बहुतेक विस्मृतीत गेले. निकालावरून निर्णयाचे मोल ठरवणे किती फसवे असते, ते इथे दिसते. मोल ठरवायचे तर सुरुवातीच्या रेषेवर त्या माणसाला काय माहीत होते आणि त्याने कशाकडे डोळेझाक केली, एवढेच पाहावे लागते.

भक्तीच्या बाजूने यावर एक आक्षेप घेता येतो: आषाढी वारीत सत्तरीच्या म्हाताऱ्या सराव न करता आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतात, त्या कुठे सामर्थ्याचा हिशेब करतात? हिशेब असतो, तो एकेकट्याने करावा लागत नाही, इतकेच. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अठरा-वीस दिवसांत वाटलेली असते. पुण्यात दोन मुक्काम, मग दिवे घाटाच्या चढाची मोठी मजल आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम. थकलेल्याला दिंडीचा ट्रक असतो आणि त्यात बसल्याने वारी बुडाली असे कोणी मानत नाही. शिवाय शेताच्या बांधावर आयुष्य काढलेल्या बाईला ‘सराव नाही’ म्हणणे हे शहरी अज्ञान आहे. श्रद्धेने इथे तयारीची जागा घेतलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेने ती तयारी वाटेतच करून ठेवली आहे.

राहिला प्रश्न इतरांचा. शर्यतीत कोसळणारा एकटा कोसळत नाही. त्याला उचलणारे स्वयंसेवक, त्याच्यासाठी अडकलेली रुग्णवाहिका आणि घरची माणसे या निर्णयात ओढली जातात, तीही न विचारता. म्हणून अपुऱ्या तयारीने उभे राहणे एक वेळ क्षम्य मानता येईल, पण त्यासाठी दोन अटी पाळायला हव्यात: आपली तयारी अपुरी आहे हे स्वतःशी मान्य केलेले असावे, आणि छातीत कळ किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबायचे हे आधीच ठरलेले असावे. हे ठरवता येत नसेल त्याने यंदा दहा किलोमीटर धावावे.